चार वाजताचे अकराजण

"मागं बसू नका हो काका, पुढं या. फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसतात."

नवगिऱ्यांनी एकनाथअण्णांचा दंड धरून त्यांना सहाव्या रांगेतून उठवलं आणि दुसऱ्या रांगेत आणून बसवलं. पाठोपाठ आम्हालाही. फोटो निघाला. मग त्याच तीसेक माणसांना डावीकडच्या खुर्च्यांवर हलवलं आणि तिथला फोटो काढला. मग उजवीकडे. चेहरे तेच, खुर्च्या नव्या. सभागृह सकाळपासून तुडुंब होतं, हे त्या फोटोंवरून कोर्टातसुद्धा सिद्ध झालं असतं.

"बिडवे," अण्णा मला म्हणाले, "एसटीत पाशिंजरला तीनदा असं उठवलं असतं ना, तर त्यानं माझी गचांडी धरली असती."

शेजारी बसलेल्या प्रमिलावहिनी हसल्या. म्हणजे त्यांचे खांदे हलले. आवाज आला नाही.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. महोत्सवाचं नाव 'सप्तदीप आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव'. आंतरराष्ट्रीय अशासाठी की अडतीस लघुपटांतला एक दुबईचा होता. संयोजकांच्या मेहुण्यानं तिथं स्वतःच्या स्वयंपाकघरात काढलेला. संयोजक म्हणजे हे नवगिरे. अंगात मोरपंखी जाकीट, गळ्यात चार ओळखपत्रं, आणि तुमच्याशी बोलताना नजर तुमच्या खांद्यावरून दाराकडे. तुमच्यापेक्षा मोठं कुणी आत येतंय का, यावर लक्ष.

मी तेव्हा एसटीच्या डेपोत स्टोअरकीपर होतो. टायर, ब्रेकलायनर, नटबोल्ट. दिवसभर मोजायचं आणि मोजलेलं पुन्हा मोजायचं. त्यामुळं कुठंही गेलो तरी अंगठा आपसूक बोटांच्या पेरांवर फिरू लागतो. लग्नात पंगती मोजतो, मयताला माणसं मोजतो. सिनेमा काढणं हा हौसेचा भाग. एक सेकंडहँड कॅमेरा होता, रविवार होते, आणि विषय म्हणाल तर तो डेपोतच बसलेला होता. चौकशीच्या खिडकीमागं, माइकसमोर.

प्रमिलावहिनी घोंगडे. एकनाथअण्णा ड्रायव्हर, त्यांची ही बायको. पंचवीस वर्षं आमच्या स्टँडवरचा पुकारा त्यांच्या आवाजात झाला. 'फलाट क्रमांक चारवर बार्शीला जाणारी गाडी लागत आहे.' कडेच्या खेड्यातली माणसं तो आवाज ओळखायची, तोंड मात्र कुणाला माहीत नव्हतं. बाजारात वहिनी 'पाव किलो भेंडी द्या' म्हणाल्या की भाजीवाली चमकून वर बघायची, "बार्शीगाडीवाल्या बाई ना हो तुम्ही?"

एकदा मे महिन्यात भर दुपारी स्टँडवर चिटपाखरू नव्हतं, तरी वहिनी माइकवर बोलतच होत्या. मी खिडकीशी जाऊन म्हणालो, "वहिनी, कुणासाठी चाललंय?"

"कुणी मुतारीत असतं, कुणी चहाला गेलेलं असतं. दिसत नाही म्हणून ते नाहीच असं थोडंच असतं? तुमचे नटबोल्ट नव्हेत ते, बिडवे."

पुढं त्या निवृत्त झाल्या आणि खिडकीमागं रेकॉर्ड केलेला दुसराच आवाज आला. तेव्हा मला सिनेमा सुचला. नाव 'विनंती थांबा'. एवढंच की निवृत्त झालेली बाई घरात एकटी आहे, ओट्यापाशी भाकरी थापते आहे, आणि थापता थापता पुकारा करते आहे. शेवटची चार मिनिटं तर नुसती थांब्यांची नावं. पिंपळफाटा, रावळाची वस्ती, जुना नाका, खडीचं मशीन, मळ्यातली शाळा. ओळीनं एकोणतीस थांबे, आणि प्रत्येक थांब्यावर कुणीतरी उतरल्याएवढी जागा सोडून. एकूण तेरा मिनिटं.

शूटिंग जानेवारीत झालं. मार्चमध्ये वहिनींच्या घशातली गाठ काढली. गाठीबरोबर आवाज गेला. राहिली नुसती कुजबुज, आणि तीही कान तोंडाशी नेला तर. मग घरात शोधाशोध झाली. पंचवीस वर्षं माइकवर बोललेल्या बाईच्या आवाजाची एकही फीत कुणाकडे नव्हती. जो काही शिल्लक होता तो माझ्या तेरा मिनिटांत.

तो त्यांनी ऐकलेला नव्हता. कारण मी ऐकवला नव्हता. अण्णा दोनदा घरी आले, "तुमच्या त्या डब्यावर लावा की," म्हणाले. मी म्हणालो, "अण्णा, लॅपटॉपवर नाही. जेवण ताटात वाढतात, झाकणात नाही. मोठ्या पडद्यावर, मोठ्या स्पीकरवर, भरल्या सभागृहात ऐकायचा." वहिनींनी मान डोलावली होती. भरलं सभागृह हा शब्द त्यांना आवडलेला दिसला.

म्हणून नोव्हेंबरातल्या त्या रविवारी पहाटेची गाडी धरून आम्ही तिघं अडीच तासांवरच्या त्या शहरात आलो होतो. वहिनी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसल्या होत्या. पर्समध्ये ज्येष्ठमधाची पुडी.

फोटो झाल्यावर सिनेमे सुरू झाले. त्या सभागृहाची पद्धत मला तासाभरात कळली. ज्याचा सिनेमा, त्याची माणसं. सिनेमा लागला की दिग्दर्शक, त्याची आई, मावशी, कॉलेजातले सहाजण पुढं सरकायचे. तो संपला की टाळ्या वाजवायचे, पडद्यापुढं उभं राहून फोटो काढायचे आणि सगळा लवाजमा बाहेर. पंगतीत आपल्या पानातलं आपण जेवून उठावं, शेजारच्याच्या पानात काय पडलं ते कशाला बघा! मी टिपत गेलो. पहिल्या सिनेमाला एकतीस. तिसऱ्याला चोवीस. सातवा संपला तेव्हा एकोणीस, त्यातले तिघे झोपलेले. झोपलेल्यांत एक परीक्षक.

दुपारी जेवणाच्या रांगेत त्याच परीक्षकांनी माझा हात हातात घेतला. हात ओला होता, बोटांना शेव चिकटलेली होती.

"बिडवे ना? विनंती थांबा! काय सुंदर केलंय हो. तो शेवटी म्हातारा रडतो ना..."

"माझ्यात म्हातारा नाही."

"तेच तर," ते म्हणाले, "तो नाही, हेच फार सूचक आहे," आणि माझ्या खांद्यावर हात पुसून जिलबीकडे वळले.

जेवणाची मांडणी रंगमंचाच्या मागच्या बोळात होती. एका बाजूला वाढपी, दुसऱ्या बाजूला मुतारी, मधे दाराऐवजी महोत्सवाचाच एक जुना फलक आडवा लावलेला. फलकाच्या अलीकडे मठ्ठ्याचा वास, पलीकडून फिनेलचा. वारा फिरला की दोन्ही एकत्र. वहिनींनी पदर नाकाला लावला आणि ताट तसंच ठेवलं. तिथंच भिंतीशी खताच्या चार पोत्यांत मानचिन्हं भरून ठेवली होती. मी एक उचलून बघितलं. खालची चिठ्ठी अर्धवट सुटलेली होती, नखानं सोलली तर आत दुसरी. 'समूहनृत्य, लहान गट, तृतीय'.

"मोजताय काय?" अण्णांनी विचारलं.

"अडतीस सिनेमे, आणि मानचिन्हं साठाच्या वर."

"म्हणजे कुणी उपाशी जायचं नाही," अण्णा म्हणाले. "लंगर आहे हो हा."

आमचा नंबर चार वाजता होता. पावणेचारला नवगिऱ्यांनी मला खुणेनं बाजूला बोलावलं. पोत्यांपाशी आमचं पाचेक मिनिटं बोलणं झालं. काय झालं ते सांगतो, पण जरा पुढं. त्यानंतर मी सभागृहाच्या दारात जाऊन उभा राहिलो, आत डोकावलो आणि परत येऊन अण्णांना म्हणालो, "चांगली बातमी आहे. आपला सिनेमा चारला नाही. मुख्य कार्यक्रमात लावणार आहेत. साहेब आल्यावर. सगळं सभागृह भरलेलं असताना."

"हे काय!" अण्णांनी वहिनींच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंस का? भरल्या स्टँडवर!"

वहिनींनी पर्स उघडली आणि ज्येष्ठमधाची काडी दाढेत धरली. बोलायचं नव्हतं, तरी. सवय.

साहेब म्हणजे कुणी जयवंतराव शिरसाट. त्यांच्या तीन शाळा, दोन कॉलेजं, आणि सभागृहही त्यांच्याच संस्थेचं. ते साडेपाचला आले. त्यांच्याबरोबर माणसं आली आणि माणसांच्या आधी विद्यार्थी आले. वसतिगृहातून रांगेनं आणलेले, प्रत्येक रांगेच्या टोकाला एक मास्तर. पाच मिनिटांत तीनशेचाळीस खुर्च्या भरल्या. मी मोजल्या आहेत.

साहेब दीपप्रज्वलन करणार होते. पण समई सकाळीच पेटवलेली. नवगिऱ्यांनी क्षणभर इकडं तिकडं बघितलं, वाकले, आणि पाचही वाती फू फू करून विझवल्या. साहेबांना पुन्हा पेटवता याव्यात म्हणून. वहिनींचा हात तोंडावर गेला. काजळीचा वास आमच्या रांगेपर्यंत आला. विझवताना थुंकीचे दोन थेंब तेलात पडलेले मी स्वतः पाहिले. त्याच तेलातल्या वातींना साहेबांनी मेणबत्ती टेकवली, टाळ्या झाल्या.

मग सत्कार सुरू झाले. साहेबांचा, साहेबांच्या बंधूंचा, परीक्षकांचा, सभागृहाच्या व्यवस्थापकांचा. शाल, श्रीफळ, फोटो. आणि अचानक मागचा पडदा उजळला. वहिनींचा चेहरा. बारा फूट उंच.

"आली!" अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, बघ, तू!"

मी आजवर तो चेहरा माझ्या लॅपटॉपवर वीतभर बघितला होता. एवढा मोठा मीही पहिल्यांदाच बघत होतो. पडद्यावर वहिनींनी पीठ मळलं, गोळा उचलला, तोंड उघडलं.

काहीच ऐकू आलं नाही.

समोर रंगमंचावर नवगिरे माइकवर सांगत होते, "यानंतर सत्कार होत आहे आमचे ध्वनिव्यवस्थापक..." आणि मागं वहिनींचे ओठ हलत होते. एक शाल पडली, दुसरी शाल पडली. सत्कारमूर्ती पडद्यापुढून जाताना त्यांची डोकी वहिनींच्या हनुवटीवर, दातांवर, जिभेवर काळी काळी उमटत होती. मग साहेब बोलायला उभे राहिले. त्यांचं पाठीचं दुखणं, त्यावर केरळात घेतलेलं तेल, आणि तिथल्या रस्त्यांची स्वच्छता. बोलता बोलता खिशातली गाडीची किल्ली काढून त्यांनी कान कोरला, किल्लीकडे बघितलं आणि ती समोरच्या फुलांच्या परडीत पुसली.

"आवाज!" अण्णा ओरडले. "ओ, आवाज लावा की! पिच्चरचा आवाज!"

रांगेच्या टोकावरचा मास्तर "शूः" म्हणाला. विद्यार्थी हसले. नवगिऱ्यांनी व्यासपीठावरून दोन्ही हातांनी बसा, बसा अशी खूण केली.

"अहो बिडवे, जा ना, सांगा ना त्यांना!"

मी उठलो. पण त्याच वेळी माइकवर माझं नाव आलं. "दिग्दर्शनाचा द्वितीय पुरस्कार, विनंती थांबा, श्रीयुत बिडवे!" मी उठलेलोच होतो. अण्णांना वाटलं मी सांगायलाच चाललोय.

पायऱ्या चढलो. साहेबांनी शाल टाकली. त्यांच्या हाताला लसणाचा वास होता. फोटोवाला म्हणाला, "जरा मागं सरका, अजून मागं." मी सरकलो आणि प्रोजेक्टरचा झोत माझ्यावर आला. डोळे दिपले. समोरचं काही दिसेना, फक्त अण्णांचा आवाज येत होता, "अहो, आवाज! शेवटचं तरी! नावं चाललीत तिची, नावं!" मी हसलो. फोटोवाल्याकडे बघून हसलो. तो फोटो माझ्या कपाटात आहे. त्यात माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, खिशाच्या जरा वर, एका बाईचं उघडं तोंड आहे. बाकी चेहरा शालीवर सांडलाय. काय आहे ते माहीत नसेल तर डाग वाटतो.

उतरताना झोतातून बाहेर आलो तेव्हा मला वहिनी दिसल्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावरच्या ओठांबरोबर त्यांचे ओठ हलत होते. पिंपळफाटा, रावळाची वस्ती, जुना नाका. प्रत्येक थांब्याला तेवढीच जागा सोडून. इकडंही आवाज नाही, तिकडंही नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत, मळ्यातल्या शाळेपर्यंत त्या गेल्या. मग पडदा पांढरा झाला आणि त्यांनी तोंड मिटलं.

आता ती पावणेचारची पाच मिनिटं.

"बिडवेसाहेब, मोठेपणा घ्या," नवगिरे पोत्यावर पाय ठेवून म्हणाले होते. "साहेबांच्या सत्काराला मागं काहीतरी हलतं लागतं. पडदा काळा ठेवला की फोटो मयतासारखे येतात. तुमची फिल्म लावतो. रंग चांगले आहेत, बाईही भारदस्त आहे."

"आवाजाचं काय?"

"बारीक ठेवू."

"किती बारीक?"

"म्हणजे बंदच. माइकवर सत्कार चाललेले असणार, दोन आवाज कसे होतील? पण तीनशे माणूस बघेल हो! आणि दिग्दर्शनाचा दुसरा तुमच्या नावावर टाकतो. नाहीतर मग चारला लावा, आवाजासकट. माझी ना नाही. आत कोण बसलंय ते एकदा बघून या."

तेव्हा मी दारात जाऊन बघून आलो. आणि म्हणालो, "चालेल."

कुणी मला ढकललं नव्हतं. मला विचारलं होतं आणि मी मोजून उत्तर दिलं होतं.

सव्वासातची परतीची गाडी मिळाली. अण्णा सवयीनं ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले, रस्ता दिसतो म्हणून. त्यांच्या मागं वहिनी खिडकीशी, शेजारी मी, मधे मानचिन्हाची पिशवी. गाडी शहराबाहेर पडली. मग अण्णांनी मान वळवली.

"काय झालं होतं हो नक्की?"

"मशीन बिघडलं," मी म्हणालो. "स्पीकरचं."

"ऐन वेळी? काय नशीब बघा." त्यांनी मान परत पुढं केली. "तरी ओरडत होतो मी. च्यायला, एकाला काही पडलेलं नाही."

वहिनींनी बोटानं माझ्या दंडाला स्पर्श केला. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. ज्येष्ठमधाचा गोडसर वास आला.

"मशीन बिघडलं, तर त्याच स्पीकरवरून तुमचं नाव कसं पुकारलं?"

पंचवीस वर्षं माइकवर बसलेल्या बाईला मी स्पीकर बिघडल्याचं सांगत होतो. मी समोरच्या बाकाचा दांडा धरला.

"उद्या घरी येतो," मी म्हणालो. "लॅपटॉप घेऊन. आवाजासकट दाखवतो."

त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, गाडीच्या हादऱ्यात कळलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा बोट लागलं. मी पुन्हा कान नेला.

"पावणेचारला दारात उभं राहून तुम्ही मोजत होता. पेरांवर. मी बघितलं. किती भरले?"

खोटं सांगायला आकडा सुचला नाही. मला आकड्यांत खोटं बोलता येत नाही, बाकी सगळ्यांत येतं.

"अकरा."

"आम्हाला धरून?"

"तुम्ही बाहेर होता. तुम्हाला सोडून."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. कुठलासा फाटा गेला, हात करून उभी असलेली दोन माणसं दिव्यात दिसली, ड्रायव्हरनं गाडी थांबवून त्यांना घेतलं. गाडी निघाल्यावर वहिनी माझ्याकडे वळल्या. या वेळी त्यांनी हाताचा द्रोण करून माझ्या कानाला लावला. एकही शब्द सांडू नये म्हणून.

"अकराजणांवर गाडी सोडतात, बिडवे."

"काय म्हणतेय ती?" अण्णांनी पुढून विचारलं. "इंजिनात काही ऐकू येत नाही. काय म्हणतेय?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी सांगायची वाट बघत होत्या. त्यांना स्वतःला तर सांगता येत नव्हतं.

"पाणी मागताहेत," मी म्हणालो.

अण्णांनी बाटली काढून मागं दिली. वहिनींनी ती घेतली, टोपण उघडलं, माझ्यावरची नजर न हलवता दोन घोट प्यायल्या, आणि बाटली माझ्या हातात दिली.